बारक्या, बॅटरी धर!

कारखान्यात सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं, असं विचारलं तर मॅनेजर म्हणतील निर्णय घेणं, सेल्सवाले म्हणतील ऑर्डर आणणं, आणि अकाउंट्सवाले काहीच म्हणणार नाहीत, कारण त्या वेळी ते कुणाचं तरी व्हाउचर ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवत असतील. माझ्या मते तिघंही चुकतात. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली, आणि माझ्या खिडकीतून मेंटेनन्सचं खातं सरळ समोर दिसायचं. त्या पुण्याईवर सांगतो, कारखान्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे बॅटरी धरणं.

मशीन बंद पडलेलं असतं. फिटरमामा पालथे पडून त्याच्या पोटात शिरलेले असतात. बाहेर फक्त दोन सेफ्टी शूज दिसतात. आत अंधार, तेल आणि एक न निघणारा बोल्ट. बाहेर सगळी लाइन खोळंबलेली. अशा वेळी सबंध कारखाना ज्याच्या मनगटावर लटकलेला असतो, तो मेंटेनन्सचा हेल्पर. मामांना जिथे बघायचं आहे तिथे उजेड पडला पाहिजे. हेल्परला जिथे बघायचं आहे तिथे नव्हे. नियम एवढाच, पण हेल्परही माणूसच. बाहेर कुणी खोकलं तरी त्याची मान वळते, मानेमागोमाग बॅटरी वळते, आणि मशीनच्या पोटातून आवाज येतो, “ए बारक्या! तिकडं कुणाचं लगीन लागलंय का? बोल्टवर पाड की उजेड!”

प्रत्येक मेंटेनन्स खात्यात एक बारक्या असतो. हे त्याचं नाव नव्हे, पद आहे. चाळिशी उलटली, केस पिकले, मुलगी दहावीला गेली, तरी तो बारक्याच. कागदोपत्री तो ‘मेंटेनन्स हेल्पर’, पगाराच्या वर्गवारीत ‘अकुशल’, आणि कंत्राटदाराच्या रजिस्टरात नुसता एक नंबर. केंद्र सरकारने २०१५ साली देशातल्या व्यवसायांची जी वर्गवारी केली, तिचे नऊ मुख्य विभाग आहेत. पहिल्या विभागात लोकप्रतिनिधी, बडे अधिकारी आणि मॅनेजर. नवव्यात मजूर आणि हेल्पर. कारखाना सुरळीत चालू असताना ही उतरंड बरोबर वाटते. मशीन बंद पडलं की पहिल्या विभागातला माणूस धापा टाकत नवव्या विभागातल्या माणसापाशी येतो आणि विचारतो, “काय रे, किती वेळ लागेल?”

या प्रश्नाच्या उत्तराचा प्रवास बघण्यासारखा असतो. हेल्परला पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं की आज काही हे होत नाही. तो मामांना तसं सांगतो. मामा जाणते, ते सुपरवायझरला म्हणतात, “चार-पाच तास धरा.” सुपरवायझर मॅनेजरना सांगतो, “सर, दोन तास.” मॅनेजर प्लँट हेडना फोन करतात, “अर्ध्या तासात चालू.” आणि प्लँट हेड पुण्याहून मुंबईच्या गिऱ्हाइकाला कळवतात, “मशीन चालू झालंय, ट्रायल घेतोय.” गिऱ्हाइकाला हे कळतं त्या क्षणी बारक्या पहिला बोल्ट सोडवण्यासाठी पाना शोधत असतो. कारखान्यात हुकूम वरून खाली येताना बिचारा शब्दशः येतो. माहिती मात्र खालून वर जाताना मजल्यागणिक गोरी होत जाते.

नव्या हेल्परचं शिक्षण कुठल्याही आयटीआयच्या अभ्यासक्रमात नाही अशा पद्धतीने सुरू होतं. पहिल्या दिवशी त्याला स्टोअरमधून ‘पाव किलो व्होल्टेज’ आणायला पाठवतात. स्टोअरकीपर गंभीर चेहऱ्याने रजिस्टर उघडतो आणि म्हणतो, “संपलं. इलेक्ट्रिकलकडे बघ.” इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, “आमच्याकडं सुटं नाही, मोठा डबाच आहे.” असा सबंध कारखाना फिरून झाला की त्याला खात्यांची माहिती होते, खात्यांना त्याची होते. इंडक्शन ट्रेनिंग म्हणून एचआर जे दोन तासांचं भाषण देतं, त्यापेक्षा हे पक्कं.

या पद्धतीचा एक धोका मात्र आहे. एका पोराला मामांनी बेंच ग्राइंडरचं डाव्या बाजूचं चाक खोलायला सांगितलं आणि बजावलं, “त्याला उलटे आटे आहेत, नेहमीच्या उलट फिरव.” पोरगं गालातल्या गालात हसलं. व्होल्टेजच्या वेळी फसलो, आता नाही. उलटे आटे म्हणे! त्याने पान्याला पाइप लावून, अंगचा सगळा जोर काढून नट रीतसर नेहमीच्या दिशेने फिरवला आणि इतका आवळला की सोडवायला दोन माणसं लागली. वास्तविक ग्राइंडरच्या डाव्या चाकाला खरोखरच उलटे आटे असतात, म्हणजे चाक फिरताना नट आपोआप सुटत नाही. सायकलच्या डाव्या पेडलचंही तसंच. पण खऱ्या आणि खोट्या गोष्टी एकाच तोंडाने, एकाच सुरात सांगितल्या की पोरांनी तरी काय करावं? त्या दिवसापासून मामा खरं बोलायचं असेल तेव्हा आधी “आईशपथ” म्हणतात.

पुढचा धडा पान्यांचा. ऑपरेशन रंगात आलं की मामा बोलत नाहीत. नुसता हात मागे करतात. त्या तळव्यावर योग्य तो पाना पडला पाहिजे. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस हे पाढे बारक्याला झोपेतही येतात. अडचण पाढ्यांची नसते. आठच्या बोल्टला आठचा पाना लागत नाही, तेराचा लागतो. दहाच्याला बहुधा सतराचा. बाराच्याला एकोणीसचा. कारण बोल्ट मोजतात दांड्यावर आणि पाना बसतो डोक्यावर. शाळेत गणिताने ज्याचा छळ केला, त्याला कारखान्यात हे दुसरं गणित भेटतं आणि पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ होतं, कारण इथे चुकलं तर गुण कापत नाहीत, बोटाचं सालटं निघतं.

बेअरिंगचं गणित तर आणखी मजेदार. बेअरिंगवर ६२०५ लिहिलं असेल तर शेवटच्या पाचाला पाचाने गुणायचं. आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. ६२०४ असेल तर वीस. हे कळल्यावर नवा पोरगा खूश होऊन म्हणतो, “म्हंजे ६२०३ ला पंधरा!” नाही. ६२०३ ला सतरा. पंधरा ६२०२ ला. चारच्या खाली नियम नाही, पाठांतर आहे. जगातल्या बेअरिंगवाल्यांनी मिळून हा घोळ मान्य केला आहे, आणि बारक्यानेही. फायदा एवढाच की घरच्या सीलिंग फॅनमध्येही बहुधा याच कुटुंबातली बेअरिंगं असतात. त्यामुळे चाळीत, वस्तीत, सासुरवाडीत कुणाचाही पंखा कुरकुरू लागला की बारक्याला बोलावणं येतं. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, गणपतीतला फिरता देखावा, सगळं त्याच्याकडे. त्याच्या स्वतःच्या घरातला नळ मात्र लग्नापासून गळतो आहे. बायको म्हणते, “तुमच्या कंपनीत तक्रार लिहून देऊ का? म्हणजे तरी याल.”

मशीन बंद पडलं की भोवती जमणारी गर्दी हा स्वतंत्र विषय आहे. खेड्यात विहिरीत बैल पडल्यावर काठावर जशी माणसं जमतात, तशीच इथे जमतात, आणि प्रत्येकाला बैल कसा काढायचा हे माहीत असतं. क्वालिटीवाला म्हणतो, “मी कालच म्हणालो होतो, आवाज वेगळा येतोय.” प्रॉडक्शनवाला घड्याळ दाखवतो. डिझाइनमधला इंजिनिअर मोबाइलवर फोटो काढतो. सेफ्टी ऑफिसर सगळ्यांना मागे सरा म्हणतो आणि स्वतः पुढे येतो. या सगळ्यांत ऑपरेटर एका बाजूला निरागस चेहऱ्याने उभा असतो. त्याचं एकच वाक्य असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या बदललेलं नाही: “मी काहीच केलं नाही. आपोआप बंद पडलं.”

सुपरवायझर त्याची उलटतपासणी घेतात. काही निष्पन्न होत नाही. मग गर्दी पांगते, बारक्या त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि विचारतो, “दादा, चहा घेतला का?” चहाचा दुसरा घोट पोटात गेला की ऑपरेटर हळूच सांगतो, “दाराचा लिमिट स्विच सारखा त्रास देत होता, म्हणून त्याला टेप लावली होती. कुणाला सांगू नको.” बारक्या कुणाला सांगत नाही. फक्त मामांच्या कानाशी लागतो, मामा टेप काढतात, आणि ब्रेकडाउन रजिस्टरात नोंद होते: ‘सेन्सर साफ केला. मशीन ओके.’ ज्याच्या हातात मेमो द्यायचा अधिकार नाही, त्यालाच खरं सांगायला माणसं तयार होतात, हे व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत कुठे आलं असेल तर मला वाचायला आवडेल.

त्या पुस्तकांत दुसरी एक गोष्ट जरूर असते: पाच वेळा ‘का’ विचारण्याची. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी तिचं जे उदाहरण दिलं, ते नेमकं दुरुस्तीचंच आहे. मशीन का थांबलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. वंगण का नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. पंप का ओढत नव्हता? त्याचा शाफ्ट झिजून खडखडत होता. शाफ्ट का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पाचवं उत्तर मिळालं, गाळणी बसवली, काम झालं. नाहीतर माणसं जन्मभर फ्यूज बदलत बसली असती.

आमच्याकडेही हा फॉर्म आला. पाच रकाने, खाली सही. मशीन का थांबलं? बेल्ट तुटला. बेल्ट का तुटला? जीर्ण झाला होता. वेळेवर का बदलला नाही? नवा आला नव्हता. का आला नव्हता? पर्चेसने तीन कोटेशनं मागवली होती. साडेचारशे रुपयांच्या बेल्टला तीन कोटेशनं का? इथे सुपरवायझरचं पेन थांबलं. पाचवा ‘का’ मेंटेनन्सच्या शेडमधून बाहेर पडून, जिना चढून, एसी केबिनच्या दारापर्यंत पोहोचला होता. त्यांनी फॉर्म फाडला, नवा घेतला आणि लिहिलं: ‘मूळ कारण: ऑपरेटरचे दुर्लक्ष. उपाय: समज दिली.’ जपानी माणूस पाच प्रश्न विचारून गाळणीपर्यंत पोहोचला. आपल्याकडे गाळणी आधीच बसवलेली असते, प्रश्न तिच्यातच अडकतात.

पर्चेस आलं की स्टोअर आलंच. स्टोअरच्या संगणकात दोनच प्रकारच्या नोंदी असतात. एक, ‘शिल्लक: शून्य’. दोन, ‘शिल्लक: चार’, पण ते चार नग कुठल्या रॅकवर आहेत हे संगणकाला विचारायचं नसतं. यावर उतारा म्हणून प्रत्येक बारक्याकडे एक डबा असतो. ग्रीसचा रिकामा डबा, आत ऐवज: जुन्या मशीनमधून काढलेले सर्क्लिप, अर्धवट आयुष्याचे स्प्रिंग, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, चार जातींचे वायसर, एकमेकांशी न जुळणारे नट आणि बोल्ट, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मशीन सुरळीत चालू होऊनही उरलेला तो एक स्क्रू. तो कुठला, हे कुणी विचारत नाही. मशीन चालतंय ना?

डब्याचा शत्रू म्हणजे फाइव्ह-एस ही कारखाना नीटनेटका ठेवायची पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके या पाच जपानी शब्दांतल्या पहिल्याचा अर्थ नको असलेलं काढून टाका. ऑडिटच्या आदल्या दिवशी मॅनेजर हातात लाल टॅगची गड्डी घेऊन फिरतात. वर्षभर वापरात नसलेल्या वस्तूला टॅग, टॅग लागला की भंगार. डब्याकडे बघून ते म्हणतात, “हे काय जमवून ठेवलंयस? फेकून दे.” बारक्या “हो सर” म्हणतो आणि डबा कॅन्टीनच्या मागे, भाकरीच्या पिठाच्या पिंपाआड मुक्कामाला जातो. ऑडिट छान होतं. जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर तक्ते, प्रत्येक पान्याला भिंतीवर त्याच्या आकाराची रंगवलेली जागा. ऑडिटरसाहेब शेरा लिहितात, ‘उत्कृष्ट’. त्यांची गाडी गेटबाहेर पडते आणि प्रेस बंद पडतो. एक सर्क्लिप तुटलेली. संगणक म्हणतो शून्य. मग तेच मॅनेजर, इकडेतिकडे कुणी नाही असं बघून, हळू आवाजात विचारतात, “तो डबा… आहे ना रे?”

बारक्याचं औषधपाणीही ठरलेलं आहे. गंजलेला बोल्ट असेल तर डब्ल्यूडी-४० मारायचं. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला एका छोट्या कंपनीने गंजू न देणारं, पाणी हटवणारं रसायन शोधायचा ध्यास घेतला. चाळिसाव्या खेपेला सूत्र जमलं, म्हणून नावात चाळीस. सुरुवातीला ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं. भोसरीत त्याचा सर्वाधिक खप साहेबांच्या केबिनच्या दाराचं करकरणं थांबवण्यासाठी होतो. शॉपफ्लोअरला डिझेल पुरतं.

रोगनिदान मात्र बारक्या स्वतःच्या इंद्रियांनी करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. “मामा, आत कचकच आहे.” मोटरवर तळवा ठेवायचा: हात टिकला तर ठीक, झटकन उचलावा लागला तर काळजी. मोटर नुसती हुं-हुं करत जागच्या जागी थरथरली तर एक फेज गेला. जळका गोड वास आला तर वाइंडिंग गेलं, आता रिवाइंडिंगवाल्याचा फोन नंबर काढा.

अलीकडे या इंद्रियांना स्पर्धा आली आहे. मोटरवर कंपनं मोजणारे सेन्सर बसले. बेअरिंग बिघडू लागलं की सेन्सर क्लाउडला सांगणार, क्लाउड डॅशबोर्डला, डॅशबोर्ड मॅनेजरच्या मोबाइलला. यंत्रणा खरोखर चांगली आहे; बेअरिंग जायच्या आधी तिला कंपनांतून सुगावा लागतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिच्या पहिल्या इशाऱ्यावर मोठी मीटिंग बसली, प्रोजेक्टरवर आलेख दाखवले गेले, टाळ्या झाल्या. प्रोजेक्टरची वायर धरून बारक्या मागे उभा होता. तो मामांना म्हणाला, “मी गेल्या बुधवारपासनं सांगतोय, त्या मोटरचा सूर बदललाय.” मामा म्हणाले, “तुझ्याकडं आलेख आहे का? नाही ना? मग वायर धर.”

बारक्याची सुट्टी हाही एक चमत्कार. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळ्या वसाहतींवर एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिलेले. त्यामुळे जगाचा रविवार त्याच्या कामाचा, आणि गावाकडची सगळी लग्नं नेमकी रविवारी. बरं, गुरुवार तरी त्याचा असावा? गुरुवारी मशीन बंद असतात, म्हणजेच मेंटेनन्सला मोकळी असतात. दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद, म्हणून वर्षाचं ओव्हरहॉलिंग दिवाळीत. घरोघरी उटण्याचा सुवास सुटलेला असताना बारक्या गिअरबॉक्स खोलून बसलेला असतो. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे त्याचा वास साबणाला दाद देत नाही. भाऊबीजेला बहीण ओवाळताना ताट थोडं लांब धरते.

खंडेनवमीला मात्र त्याचं राज्य. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची आणि हत्यारांची पूजा. बारक्या पहाटेपासून मशीन धुतो, पुसतो, पाने मापांच्या क्रमाने पाटावर मांडतो, झेंडूच्या माळा बांधतो. शेठ येतात, नारळ फोडतात, लाखो रुपयांच्या सीएनसीच्या टच स्क्रीनवर हळद-कुंकवाची पाच बोटं उमटवतात. फोटो निघतो, फोटोत बारक्याचा डावा खांदा आणि अर्धी माळ येते. मग कारखाना उघडतो तेव्हा त्याचं पहिलं काम ठरलेलं: मोटरच्या पंख्यांतून झेंडूच्या पाकळ्या वेचणं, आणि स्क्रीन बोटाला ओळखत का नाही याचा तपास करणं.

बक्षिसांच्या बाबतीत मेंटेनन्सचं नशीब मुळातच फुटकं आहे. प्रॉडक्शनने जास्त नग काढले की ते मोजता येतात. सेल्सने ऑर्डर आणली की ती दाखवता येते. मेंटेनन्सने काम चोख केलं की काय होतं? काहीच होत नाही. सबंध महिना एकही मशीन बंद पडलं नाही, तर महिन्याच्या शेवटी मॅनेजर म्हणतात, “हे लोक दिवसभर करतात काय? दोन माणसं कमी करून बघू.” उलट रात्री दोन वाजता मशीन फुटलं, मेंटेनन्सवाले घरून धावत आले, पहाटे चालू करून दिलं, की लगेच टाळ्या, पेढे, नोटीस बोर्डावर फोटो. थोडक्यात, आग लागू न देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

किर्लोस्करवाडीला १९२० साली कारखान्याचं बातमीपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे त्यातूनच मराठीतलं एक नामवंत मासिक उभं राहिलं. आजच्या कारखान्यांचीही गृहपत्रिका असते; गुळगुळीत कागदावर, आठ पानी, त्यातल्या सात पानांवर चेअरमनसाहेब दीपप्रज्वलन करतात. ‘या महिन्यात कन्व्हेयर बंद पडला नाही, कारण बारक्याने वेळेवर ग्रीस भरलं’ अशी बातमी तीत मी आजवर वाचलेली नाही.

याचा अर्थ सारखी दुरुस्ती करत राहिलं की झालं, असाही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या गटाने पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या दुरुस्त्यांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. दिसलं भलतंच: तपासणी होऊन विमान बाहेर पडलं की लगेच बिघाड वाढायचे आणि मग हळूहळू कमी व्हायचे. चांगल्या चाललेल्या वस्तूला उगाच उघडल्याने तपासणीच दुखणं होत होती. त्यांनी दोन तपासण्यांमधलं अंतर वाढवायला सांगितलं. आमच्या मामांनी हे संशोधन वाचलेलं नाही. सोमवारी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स झालेलं मशीन मंगळवारी बंद पडलं की ते बारक्याकडे बघतात, बारक्या त्यांच्याकडे बघतो, आणि दोघं एकदम म्हणतात, “चांगलं चाललं होतं की!”

एवढं सगळं माहीत असलेल्या या माणसाला कारखाना ठेवतो कसा? कंत्राटावर. सलग नोकरीचे २४० दिवस भरत आले की कंत्राटदार त्याला ‘ब्रेक’ देतो. मशीनला ब्रेकडाउन होतो, माणसाला ब्रेक मिळतो. फरक असा की मशीनच्या वेळी धावपळ होते. बारक्या महिनाभर गावी जातो. त्या महिन्यात मोटरचा सूर कुणाला ऐकू येत नाही, डबा कुणाला सापडत नाही, ऑपरेटरला चहा कुणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात तो नव्या नंबरचा बिल्ला लावून, ‘नवीन हेल्पर’ म्हणून गेटवर हजर होतो, आणि एचआर त्याला कारखान्याची ओळख करून देणारं दोन तासांचं भाषण ऐकवतं.

आता जरा गंभीर बोलतो, कारण यापुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात, चालू यंत्राजवळ काम करणारा माणूस खास शिकवलेला असावा आणि त्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, असं कलम घातलं गेलं. सैल बाही पट्ट्यात अडकते आणि बाहीमागे हात जातो, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. आमच्या स्टोअरला ते ठाऊक असतं तर बरं झालं असतं. तिथे गणवेश एकाच मापात यायचा, डबल एक्सएल, आणि बारक्या त्यात दोनदा मावायचा. तो बाह्यांना रबरबँड लावून कायदा पाळायचा.

आणि दुसरं म्हणजे ती आरोळी. मामा आत, बारक्याचा हात आत, आणि पन्नास फुटांवरच्या पॅनेलपाशी उभं राहून कुणीतरी ओरडतं, “चालू करू का?” शॉपच्या आवाजात “नको” आणि “करा” सारखंच ऐकू येतं. या एका गोंधळात जगभर बोटं गेली आहेत, हात गेले आहेत, माणसं गेली आहेत. त्यावरचा उपाय साधा आहे आणि स्वस्त आहे. जो आत हात घालणार, त्याने मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, आपल्या नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. काम संपलं, हात बाहेर आला, हत्यारं मोजली, की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याने नाही. साहेबांनीही नाही.

नवव्या विभागातल्या माणसाला कारखान्याने दिलेला हा एकमेव पूर्ण अधिकार आहे, म्हणून तो पहिल्या विभागातल्यांना सर्वांत जास्त खुपतो. तेव्हा मॅनेजर मंडळी, एक विनंती. पुढच्या वेळी मशीन बंद असेल, मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर असेल, ट्रायल चालू आहे असं तुम्ही त्याला आधीच सांगून बसला असाल, तर खुशाल येऊन विचारा किती वेळ लागेल, खुशाल घड्याळ दाखवा, वाटल्यास बॅटरीही धरा. फक्त बारक्याच्या खिशातली किल्ली मागू नका. त्याचे दोन्ही हात बाहेर आले की तो स्वतःच कुलूप काढेल, आणि मग मशीन तुम्हीच चालू करा. फोटोही तुमचाच येऊ द्या.